होमब्रू क्लबवाले चोर होते की दानशूर? पोरांना काय सांगू?

मास्तरीणबाई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी साताऱ्यात ज्युनियर कॉलेजला आयटी शिकवते. दर महिन्यात एका शनिवारी अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी सांगायचं असं मी ठरवलंय (पगार तेवढाच, हौस माझी) आणि या वेळी कॉम्प्युटर कंपन्यांच्या हातून सुटून लोकांच्या घरी कसा गेला ते सांगत होते. म्हणजे जानेवारी १९७५ च्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या कव्हरवर अल्टेअर ८८०० नावाचा कॉम्प्युटर आला, ३९७ डॉलरला किट, स्वतः सोल्डर मारून जोडायचं, मग ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एका गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली आणि हौशी लोकांचा होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला, इथपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. पोरं ऐकत होती, मोबाइलसुद्धा खाली होते.

मग मी भावनेच्या भरात पेपर टेपची (भोकं पाडून प्रोग्रॅम साठवायची कागदी पट्टी) गोष्ट सांगितली. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलनने लिहिलेलं बेसिक (प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा चालवणारं सॉफ्टवेअर), त्याची टेप कुणीतरी उचलली, क्लबमध्ये तिच्या कॉप्या वाटल्या वगैरे. मागच्या बाकावरून लगेच आवाज, "मॅडम, म्हणजे पायरसीच ना?" आणि दुसरा म्हणतो, "मग आम्ही पिक्चर डाउनलोड केला की का ओरडता?" वर्ग हसला, मीही हसले, पण खरं सांगायचं तर उत्तर नव्हतं माझ्याकडे. पुढच्या तासाला बघू म्हणून सुटका करून घेतली.

तर या लोकांची नक्की नीतिमत्ता काय होती? फुकट ते पौष्टिक एवढंच होतं का त्यामागे काही विचार होता? आणि जमलं तर वर्गात करून दाखवता येईल असं काही सुचवा, स्लाइड बघून पोरं पेंगतात.

सनीव्हेलकर

मास्तरीणबाई, धागा आवडला. मी गेली बरीच वर्षं इथे कॅलिफोर्नियातच राहतोय, ते गॅरेज माझ्या घरापासून फार लांब नाही, पण ते कुणाचं तरी राहतं घर, उगाच बाहेर उभं राहून फोटो काढणं बरं दिसत नाही म्हणून कधी गेलो नाही.

पोरांना टेपच्या आधी फ्रेड मूर सांगा. गॅरेज गॉर्डन फ्रेंचचं, पण माणसं जमवायचा खटाटोप मूरचा आणि मूर हा मुळात कॉम्प्युटरवाला नव्हेच, तो शांततावादी कार्यकर्ता. १९५९ मध्ये बर्कलेला पहिल्या वर्षाला असताना सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध हा पठ्ठ्या विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उपोषणाला बसला होता, आणि वडील कोण, तर हवाईदलात अधिकारी! पुढे सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगातही गेला. १९७१ मध्ये होल अर्थ कॅटलॉग या तिथल्या हिप्पी पिढीच्या प्रसिद्ध प्रकाशनवाल्यांनी प्रकाशन बंद करताना पार्टी दिली आणि जमलेल्यांसमोर २०,००० डॉलर ठेवले, याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाले. रात्रभर वाद, काही पैसे लोकांनी असेच उचलून नेले, आणि मूर काय म्हणत होता तर पैसा हा मुद्दाच नाही, इथे जमलेली माणसं एकमेकांना धरून राहिली तर ते खरं भांडवल. पहाटे उरलेली जवळपास पंधरा हजारांची रक्कम सांभाळायला आली कुणाकडे, तर त्याच्याचकडे :)

आता हा माणूस क्लब काढतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय असणार? याद्या. कुणाकडे काय आहे, कुणाला काय येतं, कुणाला काय हवंय. त्याने वाटलेल्या पत्रकात साधारण हेच होतं की तुम्ही घरी कॉम्प्युटर, टर्मिनल असं काही बनवताय का, मग या, एकमेकांना मदत करू. पहिल्या मीटिंगला बाहेर पाऊस, लोक गॅरेजच्या जमिनीवर बसलेले, शेवटी एकाने इंटेलची ८००८ चिप हातात धरून विचारलं कुणाला हवी आणि देऊन टाकली. पुढे जॉब्जबरोबर अ‍ॅपल काढणारा वॉझनियाक त्या दिवशी तिथेच होता. त्यानेच नंतर सांगितलंय की सुरुवातीला आपण इथे कशाला आलो असं त्याला झालं, पण घरी जाताना मायक्रोप्रोसेसरची माहितीची पानं घेऊन गेला आणि त्यावरूनच त्याला अ‍ॅपल-१ सुचला.

क्लब वाढल्यावर मीटिंगा स्टॅनफर्डच्या स्लॅक नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या सभागृहात व्हायला लागल्या, सूत्रसंचालन ली फेल्सेनस्टाइनकडे. पद्धत फार छान होती. आधी ज्याला जे विचारायचंय, सांगायचंय ते त्याने उभं राहून थोडक्यात सांगायचं, माझ्याकडे हे जास्तीचं आहे, मला ते अडलंय, आणि नंतर सगळे उठून ज्याला ज्याच्याशी बोलायचंय तो त्याला गाठणार. आपल्याकडे वधूवर मेळाव्यात आधी परिचय होतो आणि खरी बोलणी चहाच्या टेबलाशी होतात, तसंच. मग पार्किंगमध्ये घोळके, मग ओअ‍ॅसिस नावाच्या ठिकाणी बियर-बर्गर. ते ओअ‍ॅसिसही २०१८ मध्ये बंद झालं, मी दोनदा जाऊन आलो होतो, टेबलांवर लोकांनी नावं कोरून ठेवलेली.

याच फेल्सेनस्टाइनने मित्रांसोबत १९७३ मध्ये बर्कलेला एका रेकॉर्डच्या दुकानात जिन्याच्या वरच्या टोकाला टेलिटाइप (कॉम्प्युटरला जोडलेलं, टाइप करायचं आणि कागदावर छापणारं यंत्र) ठेवला होता, कुणीही यावं, निरोप टाइप करावा, दुसऱ्यांचे शोधावेत. मशीन इतकं खडखडायचं की त्याला पुठ्ठ्याचं खोकं घातलेलं, हात आत घालायला दोन भोकं आणि बघायला प्लास्टिकची खिडकी. लोकांना नोटीसबोर्डासारखं वाटलं, बँडला ड्रमर पाहिजे, अमुक ठिकाणी चांगला बेगल कुठे मिळतो असलं सगळं. माहिती कुणाच्या मालकीच्या खोलीत बंद नसावी, हा विचार तिथून थेट क्लबात आला. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात रस्त्यावर उतरलेली ही पिढी होती, मोठ्या संस्थांकडचा कॉम्प्युटर म्हणजे सरकारचा आणि लष्कराचा, तो आपल्या टेबलावर आणणं हे त्यांच्यातल्या काहींना आंदोलनाचंच काम वाटायचं. सगळ्यांना नाही, बऱ्याच जणांना नुसते दिवे लुकलुकताना बघायचे होते, तेही ठीकच.

फ्लॉपीवाला

+१ सनीव्हेलकर. टेपबद्दल मी लिहितो, तो माझा विषय.

आधी परिस्थिती बघा. अल्टेअर आला तेव्हा त्याला ना कीबोर्ड ना स्क्रीन, पुढच्या पॅनलवर खटके आणि दिवे. मेमरी २५६ बाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका अक्षराला, काना-मात्रा धरून प्रत्येकाला, तीन बाइट लागतात म्हणजे ८५ अक्षरं, म्हणजे आमच्या मास्तरीणबाईंची पहिली दोन वाक्यंसुद्धा पुरती मावणार नाहीत. तर कामाचं काही करायचं तर जास्त मेमरी पाहिजे आणि बेसिक पाहिजे. एमआयटीएस, म्हणजे अल्टेअर बनवणारी आल्बुकर्कची कंपनी, बेसिक स्वस्तात द्यायची पण त्यांचं मेमरी बोर्ड घेतलं तरच, नुसतं बेसिक जबर महाग. आणि ते मेमरी बोर्ड धड चालायचं नाही! क्लबातल्याच बॉब मार्शने चालणारं बोर्ड बनवून विकायला सुरुवात केली ती त्यामुळेच. लोकांनी पैसे भरलेले, बेसिक येईना, वाट बघून बघून वैतागलेले.

जून १९७५ मध्ये एमआयटीएसची गाडी पालो आल्टोच्या एका हॉटेलात प्रदर्शनाला आली, तिथे अल्टेअर टेलिटाइपला जोडून बेसिक चालू होतं आणि तिथूनच एक टेप कुणीतरी उचलली. ती गेली डॅन सोकोलकडे, त्याच्या नोकरीच्या ठिकाणी भराभर टेप पाडणारं मशीन होतं, त्याने पेटीभर कॉप्या काढून पुढच्या मीटिंगला आणल्या आणि अट घातली. मास्तरीणबाई, ही अट फळ्यावर लिहा: एक न्या, पुढच्या वेळी दोन करून आणा.

माझी आजी शेजारून आलेला डबा कधी रिकामा परत पाठवायची नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामा नाही. सोकोलची अट ऐकली की मला आजीच आठवते. घेणाऱ्यावर काम पडतंय, तो पुढचा देणारा होतोय. पिक्चर डाउनलोड करणाऱ्या पोराला विचारा, तू डबा कुठे परत केलास?

आता कबुलीजबाब. ९०-९१ साली पुण्यात आम्ही हेच केलं, सव्वापाच इंची फ्लॉप्या, खाचेवर चिकटपट्टी लावून राइट प्रोटेक्ट, एका क्लासमध्ये (नाव नको) चपला बाहेर काढून एसीत जायचं आणि सर जेवायला गेले की वर्डस्टार, डीबेस, गेम जे मिळेल ते कॉपी. त्याच क्लासच्या भिंतीवर सॉफ्टवेअरची चोरी हा गुन्हा आहे असं पोस्टर होतं आणि त्याखालच्या मशीनवरचं एकूण एक सॉफ्टवेअर कॉपी केलेलं! आमच्याकडे अट फक्त अर्धीच आली, एक न्या. दोन आणायचं कुणी सांगितलं नाही, आणली तरी दुसरीत व्हायरस असायचा.

हिशेबनीस

फ्लॉपीवाले, आजीच्या डब्यात आजीनेच केलेलं काहीतरी असायचं. सोकोलने शेजारणीच्या स्वयंपाकघरातून पातेलं उचललं आणि गल्लीभर वाटलं, वर म्हणतोय दोन पातेली करून आणा. अहो ज्या बाईने रांधलं तिचं काय?

राग येईल काहींना पण मी गेट्सच्या बाजूचा आहे, म्हणजे तेव्हाच्या वीस वर्षांच्या गेट्सच्या. त्याचं ३ फेब्रुवारी १९७६ चं हौशी लोकांना उद्देशून लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, सगळे त्याला नावं ठेवतात, वाचतं कुणी नाही. तो म्हणतो की त्याचं, अ‍ॅलनचं आणि मदतीला घेतलेल्या आणखी एकाचं, असं तिघांचं जवळपास वर्ष गेलं, वापरलेल्या कॉम्प्युटर वेळेची किंमत ४०,००० डॉलरच्या वर, वापरणारे भेटतात तेव्हा तोंड भरून कौतुक करतात पण अल्टेअर घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय आणि रॉयल्टीचा हिशोब केला तर आमची मजुरी तासाला २ डॉलरहून कमी पडते. हार्डवेअरला पैसे मोजता आणि सॉफ्टवेअर मात्र वाटून घ्यायची गोष्ट, असं का? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मी स्वतः ९६ ते २००३ सोसायट्यांचं मेंटेनन्स बिलिंगचं सॉफ्टवेअर विकलंय. एकट्याने लिहिलेलं, फॉक्सप्रोमध्ये, मराठी पावतीसकट. एका सोसायटीने घेतलं. दोन महिन्यांनी एक फोन, आवाज अनोळखी, "अहो तुमचं सॉफ्टवेअर व्याज चुकीचं काढतंय." मी म्हटलं कुठली सोसायटी? त्यांनी नाव सांगितलं. म्हटलं तुम्ही माझ्याकडून कधी घेतलंत? तर म्हणे आमच्या खजिनदारांचे साडू तुमच्या त्या सोसायटीत सेक्रेटरी आहेत, त्यांनी दिलं. बरं आवाजात लाज वगैरे काही नाही, उलट रविवारपर्यंत करून द्या, जनरल बॉडी आहे! आणि सांगू का, दिलं मी करून. चूक माझीच होती, लीप वर्षाची.

त्यामुळे त्या मागच्या बाकावरच्या पोराला माझ्यातर्फे सांगा, बाळा, तुझं बरोबर आहे.

किल्ली

हिशेबनीस, साडूवाली गोष्ट वाचून चहा सांडला.

गेट्सला थोडं झुकतं माप देताय पण. ते ४०,००० डॉलर त्याच्या खिशातून गेले नव्हते, बेसिकची पहिली आवृत्ती हार्वर्ड विद्यापीठाच्या पीडीपी-१० या मोठ्या कॉम्प्युटरवर झाली, आणि ते मशीन सरकारी संरक्षण खात्याच्या पैशांवर चालायचं. तेव्हाही लोकांनी हे बोलून दाखवलं होतं. शिवाय बेसिक ही भाषा तरी त्याची कुठे, ती डार्टमथच्या केमेनी आणि कुर्ट्झनी १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी केलेली. विरजण सगळ्यांनी कुणाकडून तरी आणलेलंच होतं.

पण मला दुसरंच म्हणायचंय. हे वाटून घ्यायचं कौतुक करताना त्या खोलीत कोण बसलं होतं ते पण सांगा वर्गात. बहुतेक सगळे पुरुष, बरेचसे सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांत चांगल्या नोकरीतले इंजिनियर, कंपनीतून "आणलेल्या" चिपा, कंपनीचं मशीन रात्री वापरायला मोकळं. टेप फुकट पण ती चालवायला अल्टेअर आणि टेलिटाइप पाहिजे. ३९७ डॉलर म्हणजे तेव्हाचे तीन हजारांवर रुपये, आणि आपल्याकडे त्या काळात रुपये असून भागायचं नाही, आयातीचं लायसन्स लागायचं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले तेव्हा वर्गात आम्ही चार मुली, प्रॅक्टिकलला सीआरओला (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) हात मुलं लावणार आणि रीडिंग आम्ही लिहून घेणार. त्यामुळे "कुणीही या" असं म्हणणाऱ्या क्लबाबद्दल मी जरा जपूनच बोलते, दार उघडं असणं वेगळं आणि आत जागा असणं वेगळं.

आणि हे फार टिकलंही नाही. वर्ष-दोन वर्षांत त्यातल्याच लोकांनी कंपन्या काढल्या, मग मीटिंगमध्ये पुढच्या मॉडेलबद्दल विचारलं की तोंडं बंद. वॉझनियाक अ‍ॅपल-१ चे सर्किटचे नकाशे क्लबात फुकट वाटत होता, घरी जाऊन बनवा म्हणून, जॉब्जला त्यात धंदा दिसला, बाइट शॉप या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या पॉल टेरेलने ५० मशीन मागवली आणि दुकानात किंमत लागली ६६६.६६ डॉलर. फ्रेड मूर तर काही महिन्यांतच बाजूला झाला होता.

अर्धवट_गीक

सगळे टेपवरच अडकलेत, टायनी बेसिक कुणी काढेना! हिशेबनीस, तुमच्या "उत्तर कुणी दिलं नाही"चं उत्तर तिथे आहे.

मेन्लो पार्कलाच पीपल्स कॉम्प्युटर कंपनी होती, नाव कंपनी पण काढायचे वर्तमानपत्र, बॉब अल्ब्रेख्टचा उद्योग, पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा. त्यांनी ठरवलं की महागडं बेसिक कॉपी करत बसण्यापेक्षा छोटं बेसिक आपणच लिहू, आणि डेनिस अ‍ॅलिसनने ते कसं लिहायचं याचा आराखडाच छापला. वाचणाऱ्यांनी आपापल्या मशीनसाठी लिहून परत पाठवलं, लिस्टिंगसकट (म्हणजे छापलेल्या अख्ख्या प्रोग्रॅमसकट), चुका काढल्या, दुरुस्त्या पाठवल्या. या गडबडीतूनच जानेवारी १९७६ मध्ये डॉ. डॉब्ज जर्नल हे मासिक निघालं. आता हा भरलेला डबा म्हणायला हरकत नाही ना? ली-चेन वँगने त्याच वर्षी आपल्या पालो आल्टो टायनी बेसिकच्या लिस्टिंगमध्ये वर काय लिहिलं, तर कॉपीराइटच्या जागी "कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ह्ड" ("ऑल राइट्स रिझर्व्ह्ड"ची टिंगल). मुक्त सॉफ्टवेअरवाल्या स्टॉलमनच्या जीएनयू प्रकल्पाच्या कितीतरी आधी.

आणि टॉम पिटमनने मोटोरोला ६८०० चिपसाठी टायनी बेसिक केलं आणि विकलं, फुकट नाही, ५ डॉलरला. लोकांनी पाठवले पैसे! मित्राकडून कॉपी घेतलेल्यांनीसुद्धा नंतर पाकिटात घालून पाठवले. डॉ. डॉब्जचा संपादक जिम वॉरन याचं म्हणणंच होतं की सॉफ्टवेअर इतकं स्वस्त ठेवा की कॉपी करण्यापेक्षा विकत घेणं सोपं पडेल, मग चोरी कशाला कोण करेल.

अवांतर: गेट्सला त्या चोरीने बुडवलं असंही नाही, सगळ्यांच्या हातात त्याचंच बेसिक पडल्यामुळे पुढे जो तो कॉम्प्युटर बनवणारा त्याच्याकडेच बेसिक मागायला गेला. आपल्याकडे फुकटच्या विंडोजवर वाढलेली पोरं नंतर ऑफिसात विंडोजच मागायला लागली, तसंच.

हिशेबनीस

पाच डॉलरचं पटलं. माझं सॉफ्टवेअर साडेचार हजारांना होतं. पाचशेला ठेवलं असतं तर साडूने घेतलं असतं का? बहुतेक तरीही नाही, पण विचार करायला लावलंत.

फ्लॉपीवाला

हिशेबनीस, शेजारणीच्या पातेल्याचा मुद्दा मान्य. सोकोलच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, पण मान्य.

मास्तरीणबाई, करून दाखवायचं विचारलं होतंत ते राहिलंच. क्लबातल्या स्टीव्ह डॉम्पिएची गोष्ट घ्या. हा गडी अल्टेअरची ऑर्डर देऊन वाट बघून कंटाळला तर चौकशी करायला थेट विमानाने आल्बुकर्कला गेला होता. मशीन घरी जोडल्यावर त्याच्या लक्षात आलं की जवळ ठेवलेल्या रेडिओत खरखर होतेय आणि प्रोग्रॅमप्रमाणे ती बदलतेय. सर्किट चालताना रेडिओ लहरी बाहेर पडतात ना, त्या एएम रेडिओ पकडतो. मग त्याने प्रोग्रॅममधल्या कुठल्या लूपला (परत परत चालणाऱ्या भागाला) कुठला सूर लागतो ते शोधून काढलं आणि मीटिंगला अल्टेअरवर छोटा रेडिओ ठेवून बसला, एकेक खटका वरखाली करत अख्खा प्रोग्रॅम हाताने भरला. होत आला आणि कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. गेलं सगळं! परत पहिल्यापासून. मग रेडिओतून बीटल्सचं गाणं वाजलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि लगेच त्याने ते कसं केलं ते सगळ्यांना छापून दिलं.

लॅबमध्ये ट्रान्झिस्टर न्या, मीडियम वेव्हला, स्टेशन नसेल तिथे काटा ठेवा आणि कॅबिनेटला चिकटवून बघा.

मास्तरीणबाई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. किल्लीताई, तुमचा मुद्दा मी पहिल्यांदाच मांडणार आहे, माझ्या वर्गात ३८ मुलं आणि ११ मुली आहेत आणि सीआरओच्या जागी आता माउस आहे एवढाच फरक.

सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर मागून नेला होता काल, ते आधी द्यायलाच तयार नव्हते, सातच्या बातम्यांच्या आत परत आण या अटीवर दिला. नव्या मशीनवर नुसतीच खरखर आली, पण कोपऱ्यातल्या जुन्या डबड्याजवळ धरला आणि मोठी फाइल उघडली तर आवाज स्पष्ट बदलला, पोरं अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पडून ऐकत होती. तो मागच्या बाकावरचा आता लूप लिहून सूर काढायच्या मागे लागलाय, दोन आलेत म्हणतो, तिसरा येत नाहीये. कुणाकडे असा प्रोग्रॅम असेल तर द्या ना, सीमध्ये असला तरी चालेल. आणि अर्धवट_गीक, फुकट मागतेय, पण तिसरा सूर सापडला की इथे टाकायला लावेन त्याला.